वहिनीच्या जन्माला लागलेला स्टे

"बोट खाली करा, वहिनीबाई. बोट खाली करा म्हनतो ना मी. कोर्टाचा अवमान होऊन राहिला."

क्रेनवाले काका आपल्या फाटकातून ओरडत होते. आयुष्यभर भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्रेनच्या केबिनात बसून खालच्या माणसांवर ओरडल्यानं त्यांचा गळा असा कमावलेला होता की ते सेक्टर दहात शिंकले तर पॉवर हाउसच्या बाजारात भाजीवाल्याचा तराजू हलायचा. खोटं नाही सांगत. भाजीवाला स्वतः सांगायचा, आणि त्याचा तराजू का हलतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

वहिनी नाल्याच्या काठावर उभी होती. आमच्या सेक्टरची शेवटची ओळ संपते तिथं हा नाला, नाल्यापलीकडे बस्ती, आणि दोहोंच्या मध्ये एक बुटकी पुलिया, म्हणजे छोटा पूल. पुलियाचं तोंड कचऱ्यानं चोंदलं होतं. निगमचे, म्हणजे महापालिकेचे, दोन सफाईवाले फावडी घेऊन आले होते आणि वहिनी उजवा हात लांब करून कुठून खणायचं ते दाखवत होती. काकांचा आवाज आला तसा तिचा हात तिथंच अडकला.

"मी फक्त दाखवून राहिली, काका."

"दाखवनं म्हनजेच हुकूम देनं. काल वकिलानं काय सांगितलं? पार्षद म्हनून कोनतंच काम कराचं नाही."

"मग साधी बाई म्हनून दाखवते."

"साध्या बाईचं निगमवाले आयकत असते, त तुमाले निवडून कायले देलं असतं?"

सफाईवाल्यांतला थोरला फावडं टेकवून छत्तीसगडीत म्हणाला, "खनबो के नइ खनबो, दीदी?" खणायचं की नाही तेवढं सांगा, बाकी तुमचं तुम्ही पाहा, असा एकंदर सूर.

वहिनीनं हात पदराखाली घेतला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हनुवटी उचलून पुलियाच्या डाव्या तोंडावर रोखली. हनुवटीवर स्टे नव्हता. फावडी चालू झाली.

हे असं दोन महिने चाललं होतं. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आमच्या वॉर्डातून पार्षद, म्हणजे नगरसेविका, म्हणून निवडून आली होती. वॉर्ड पिछड्या, म्हणजे इतर मागास, वर्गाच्या महिलेसाठी राखीव. हरलेल्या बाईनं दुर्गच्या कोर्टात अर्ज टाकला: ही बाई इथली नाही, हिचा जन्म महाराष्ट्रातला, हिच्या बापाचा पत्ता महाराष्ट्रातला, तेव्हा इथल्या राखीव जागेवर उभं राहण्याचा हिला हक्क नाही आणि हिचं जातीचं सर्टिफिकेट बाद करा. निकाल लागेपर्यंत वहिनीनं पार्षद म्हणून काही करू नये, असा कोर्टानं स्टे दिला. सही करायची नाही, सभेत बसायचं नाही, मत द्यायचं नाही.

आणि मत द्यायलाच तर तिनं निवडणूक लढवली होती. तिनं बस्तीतल्या बायांना दुसरं कसलंच वचन दिलं नव्हतं. रस्ता करून देते म्हणाली नाही, नळ आणते म्हणाली नाही. एवढंच म्हणाली होती की ही पुलिया उंच करून घेईन. दर पावसाळ्यात नाला या बुटक्या पुलियाला अडतो आणि बस्तीतल्या चुलीत शिरतो. मी स्वतः एका वर्षी तिथल्या एका घरातून कढई पोहत बाहेर येताना पाहिली आहे. मागून झारा येत होता. पुलियाचा ठराव येत्या सामान्य सभेत यायचा होता. निगममध्ये दोन्ही पार्ट्यांचं बळ जवळपास सारखं, एक हात इकडचा तिकडे झाला तर ठराव पडतो. तो एक हात वहिनीचा होता, आणि तो पदराखाली होता.

आता जन्माचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

आमच्या लोकांत बाईचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पहिलंच कशाला, सासू चांगली असली तर दुसरंही. आमचे बाप-आजे गोंदिया, आमगाव, तिरोड्याकडून इथं पोलाद गाळायला आले, प्लांटनं क्वार्टर दिलं, दवाखाना दिला. दवाखाना असा की त्या काळी रायपूरचे लोक तिथं मरायला मिळावं म्हणून वशिला लावायचे. पण आमच्या बायकांना सातवा महिना लागला की त्या लोकलमध्ये बसून निघाल्याच. तिथं मातीच्या खोलीत, आईच्या हाताखाली बाळंत व्हायच्या आणि सव्वा महिन्यानं पोराला काजळाचा टिळा लावून परत यायच्या. लोडिंग तिकडे, अनलोडिंग इकडे. भिलाईतल्या माझ्या वयाच्या मराठी माणसांना एका रांगेत उभं करा आणि जन्मगाव विचारा; अख्खी रांग सरहद्दीपलीकडे निघेल. आम्ही सगळे परराज्यातले, फक्त इथं वाढलेले, इथं शिकलेले, इथं नोकरीला लागलेले आणि इथंच रिटायर होणारे.

वरून आमच्या बापांची दुसरी खोड. प्लांटच्या कागदावर 'स्थायी पत्ता' असा रकाना असतो. तिथं झाडून सगळ्यांनी गाव लिहिलं. वहिनीच्या वडिलांनी सेक्टर दहातल्या क्वार्टरमध्ये उभं आयुष्य काढलं, अंगणात पेरू लावला, पेरूवर तीन पिढ्यांची पोरं दगड मारून पळाली, तरी पत्ता आमगावजवळचा, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातला. का, तर क्वार्टर प्लांटचं. रिटायर झालं की चाबी परत द्यायची. ज्याची चाबी परत द्यायची ते घर स्थायी कसं लिहायचं? माणूस सरळ होता. रिटायर झाला, चाबी दिली, गावी गेला आणि तिथं वारला. विरुद्ध बाजूच्या वकिलानं तेवढंच उचललं.

वहिनीचं म्हणाल तर ती बाई महाराष्ट्रात जन्मली, मध्यप्रदेशात वाढली, मध्यप्रदेशातच सासरी आली, सासर म्हणजे माहेरापासून चार गल्ल्या पुढे, आणि एके दिवशी झोपेतून उठली तर छत्तीसगडात होती. पलंगावरून पाय खाली न टाकता तिनं दोन राज्यं केली. एवढी फिरलेली बाई बाहेरची नाही तर काय, असं मी एकदा म्हटलं तर तिनं माझ्यापुढचा चहा उचलून नेला.

तिला बसवत नव्हतं, खरा त्रास तो होता. स्टे लागायच्या आधी ती दिवस उजाडला की बस्तीत चक्कर मारायची. आता चक्कर मारली तर काका ओरडायचे, म्हणून ती घरातच चक्कर मारू लागली. दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात चक्कर ती किती मारणार? मग सामान हलवू लागली. माझा भाऊ शिफ्टवरून आला की पलंग नव्या भिंतीला लागलेला. कपाट तर इतकं हिंडलं की शेवटी शेवटी ते स्वतःच सरकायचं, कोणी हात लावायची वाट पाहायचं नाही. एकदा मी स्मृतिनगरच्या माझ्या घरून सहज आलो, पाहतो तर फ्रिज दारात उभा. मला वाटलं तोही कंटाळून बाहेर निघाला.

सकाळी लोक यायचेच. कोणाला रहिवासी दाखल्यावर सही पाहिजे, कोणाचं पेन्शन अडलं. वहिनी दारात उभी राहून सांगायची, "मले बोलता येत नाही, तुमी बोला." लोक बोलायचे. ती ऐकायची. ऐकण्यावर स्टे आहे की नाही यावर काकांचं आणि माझं एक दुपार भांडण झालं. शेवटी काका म्हणाले, ऐकू देत, पण मान हलवू नका.

काही लोकांनी अक्कल चालवली आणि भावाला गाठलं. इकडे पार्षदबाईच्या नवऱ्याला 'पार्षदपती' म्हणतात. कित्येक वॉर्डांत बाई घरी भाकऱ्या थापते आणि पती जीपमधून हिंडतो. लोक म्हणाले, भाऊ, स्टे तर वहिनीवर आहे, तुमच्यावर कुठं आहे, तुम्ही चला की निगममध्ये. माझ्या भावानं जन्मात दोन गोष्टी केल्या, फर्नेसवर ड्युटी आणि घरी झोप. तो म्हणाला, "हे त तिचं हाय. मले काय समजते त्यातलं." आणि कूस बदलली. वहिनी आतून ऐकत होती. त्या दिवशी तिनं सामान हलवलं नाही, भावाच्या आवडीची झुणका-भाकर केली.

आमचा वकील बोरसीला राहायचा. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस, आणि खोलीत फायली इतक्या की अशिलानं फायलीवर बसायचं आणि आपली फाइल निघाली की उठायचं. तो म्हणाला, "देखिए, पिताजी यहाँ नौकरी करते थे, यह तो साबित हो जाएगा. दिक्कत जन्म की है. माताजी हैं ना? माताजी को बुला लीजिए."

"माय काय सांगनार?" वहिनीनं विचारलं.

"जो सच है वही. बस, जन्म कहाँ हुआ, इस पर ज़ोर न दें."

आता जन्म कुठं झाला यावर जोर न देता जन्माबद्दल कसं बोलायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण वकिलानं असं सांगितलं की जणू बोरसीत रोजच लोक तसे जन्मतात.

परतताना काकांच्या डोक्यात कल्पना शिरली. स्कूटरवर मागे बसून ते माझ्या कानात ओरडले, "भाऊ, लोकलमधी झाली म्हनलं तर?"

"काय लोकलमध्ये?"

"वहिनीबाई. माय निघाली माहेराले, गाडीतच कळा लागल्या. गाडी आपल्या हद्दीत होती. मंग सांगा, जन्म कुठचा?"

मी म्हटलं, काका, वकिलाला न विचारता असं काही बोलू नका. काका म्हणाले, मी काहाले बोलू. आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या सेक्टरला गोष्ट पोचली. दुसऱ्या दिवशी दुधवाल्यानं मला ती ऐकवली तेव्हा तिच्यात एक टी.सी. आला होता, त्यानं आपला काळा कोट बाळाला गुंडाळायला दिला होता. तिसऱ्या दिवशी गार्डनं लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली होती. मी त्यात फक्त बोगदा घातला. दरेकशाचा बोगदा सरहद्दीजवळच आहे, आणि बोगद्याशिवाय ती गोष्ट सपाट वाटत होती. आत अंधार, बाहेर उजेड, आणि उजेडाबरोबर पहिलं रडणं. मला वाटतं बस्तीतल्या दोन म्हाताऱ्या ते ऐकून रडल्या. वहिनीच्या कानावर गेलं तेव्हा ती नुसती म्हणाली, "भाऊजी, तुमची गाडी उलटी जाऊन राहिली. माय इकडून तिकडे गेली होती. बोगद्यातून बाहेर पडली म्हनजे महाराष्ट्रात पडली." मग आम्ही बाळाला बोगद्याच्या आधी जन्माला घातलं.

माय आली तारखेच्या आदल्या दिवशी. वहिनीची आई, आम्ही सगळे तिला मायच म्हणायचो. वय काही असेल, तिला विचारलं तर ती म्हणायची, "मी झाली तवा गोरा साहेब होता." अंगानं काडी, पण लाखोळीच्या डाळीचं पोतं स्वतः डोक्यावर घेऊन दुर्ग स्टेशनचा दादर उतरली. मी घ्यायला गेलो तर पोतं द्यायला तयार नाही. उलट मलाच म्हणाली, "तुमी दमले दिसता, बापू."

संध्याकाळी क्वार्टरमध्ये तालीम झाली. काका खुर्चीवर बसले, ते विरुद्ध बाजूचे वकील. माय पलंगावर, पाय पोटाशी घेऊन. वहिनी उभीच. ती दारातून खिडकीकडे आणि खिडकीकडून दाराकडे जात होती.

"आजी, हे तुमची कोन?"

"तुमाले नाही माहीत? माही पोरगी."

"कोर्टात असं उलटं नाही विचाराचं. बरं. तुमची पोरगी कुठं झाली?"

"माह्या माहेरी."

"आजी, तसं नाही म्हनाचं."

"मंग कसं म्हनू?"

"आठवत नाही म्हना."

मायनं काकांकडे नीट पाहिलं. "पहिलटकरीन होती मी. कोनती बाई पहिलं लेकरू कुठं झालं ते इसरते?"

काकांनी दम घेतला. "बरं, मंग गाडीत झालं म्हना."

"गाडीत झालं असतं त म्हनलं असतं."

"आजी, तुमच्या पोरीच्या खुर्चीचा सवाल हाय."

"तिले खुर्ची भेटली ते चांगलंच झालं. पन माह्या मायनं रातभर दिवा धरला होता, त्याचं काय करू?"

काका माझ्याकडे पाहू लागले. मी वहिनीकडे पाहिलं. ती खिडकीशी थांबली होती. म्हणाली, "राहू द्या, काका. तिच्यानं होत नाही." मग आईला म्हणाली, "माय, तू येवढं कर. ते विचारन तेव्हाच सांग. आपून होऊन सांगू नको."

"आपून होऊन कायले सांगू? मले कोनी इचारतच नाही काही," माय म्हणाली आणि डाळ निवडायला घेतली.

कोर्टात आम्ही सकाळीच जाऊन बसलो. बसायला बाक एकच, आणि त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला हरलेली बाई बसलेली. तीही आमच्याच वॉर्डातली, छत्तीसगडी, निवडणुकीच्या आधी वहिनीच्या घरी हळदीकुंकवाला आलेली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. मधे माय. उन्हाळा असा की भिंतीवरची पाल घाम पुसायला रुमाल मागत होती. वहिनी बसली, उठली, व्हरांड्याच्या टोकाला गेली, परत आली. थोड्या वेळानं त्या बाईनं आपली पाण्याची बाटली काढली आणि मायला म्हणाली, "पानी पीबे, दाई?" माय प्यायली, तोंड पुसलं, बाटली परत दिली आणि पोरीला मोठ्यानं म्हणाली, "बाई चांगली हाय व. इच्यासंग भांडन कावून केलं?" व्हरांड्यातले दोन वकील खोकले.

पुकारा झाला. माय उभ्यानं शपथ घ्यायला तयार, पण शपथेचं हिंदी तिला तोंडात बसेना. ती म्हणाली, मी तसंही खरंच बोलते. जजसाहेब वयानं तरुण, चष्म्यातून पाहणारे, कमी बोलणारे. त्यांनी सांगितलं, माताजींना मराठीत बोलू द्या, बाबू लिहून घेईल, अडलं तर वकील सांगतील. आमच्या वकिलानं नवऱ्याची नोकरी विचारली, क्वार्टर विचारलं. मायनं क्वार्टरचा नंबर सांगितला, शेजारी कोण कोण होतं ते सांगितलं, समोरची मद्रासी बाई इडलीचं पीठ कसं उसनं द्यायची आणि परत कधी घ्यायची नाही ते सांगितलं. बाबूनं इडलीही लिहिली. आमचा वकील खूश होऊन खाली बसला.

मग तिकडचा वकील उठला. गुळगुळीत माणूस, बोलताना हात चोळायचा. "माताजी, सुना है आपकी बेटी ट्रेन में पैदा हुई थी?"

माझा बोगदा कोर्टात शिरला होता. काका माझ्या शेजारी इतके लहान झाले की मला वाटलं बाकावर फक्त त्यांची टोपी उरली.

मायला मराठीत सांगितलं गेलं. ती हसली. दात नसलेलं, मोकळं हसणं. "गाडीत? गाडीत येवढी गर्दी राहते का बसाले जागा नाही, बाळंत कुठं होनार?" कोर्टात सगळे हसले, जजसाहेबांच्या चष्म्यालाही थोडं हसू आलं.

"तो फिर कहाँ हुई?"

वहिनी आमच्या पुढच्या ओळीत बसली होती. तिची पाठ मला दिसत होती. ती इतकी स्थिर मी त्या दोन महिन्यांत पाहिली नव्हती.

"माह्या माहेरी," माय म्हणाली. "माह्या मायजवळ. आमगावच्या अलीकडे आमचं गाव हाय."

"महाराष्ट्र में."

"तवा आमाले राज्य माहीत नव्हतं. गाव माहीत होतं."

"लेकिन महाराष्ट्र में."

"हो."

तो वकील हात चोळत खाली बसला. टाइप करणाऱ्या बाबूनं एवढ्या जोरात कळ दाबली की मला वाटलं तो 'हो' भिंतीपार गेला. मग जजसाहेबांनी स्वतः विचारलं, घर यहाँ था, अस्पताल यहाँ था, पति यहाँ थे, तो वहाँ क्यों गईं? आमचा वकील मराठीत सांगू लागला. पण तेवढ्यात तिकडच्या वकिलानं हरकत घेतली, आमच्या वकिलाला हरकतीची हरकत झाली, दोघे उभे राहून वाद घालू लागले, आणि त्या धुमश्चक्रीत मायचं उत्तर राहून गेलं. जजसाहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या प्रकरणाचा पुकारा झाला.

हुकूम दुपारनंतर आला. स्टे अर्धा उठला. वहिनीला सभेत जाता येईल, बसता येईल. मत देता येणार नाही, सही करता येणार नाही. बापाच्या रहिवासाचा पुरावा पूर्ण तपासून झाल्यावर पुढचं ठरेल, आणि त्याला पुढची तारीख. ती तारीख सामान्य सभेच्या बरीच नंतरची होती.

काकांनी पेढ्यांचा डबा आणला होता. जिंकलो म्हणून उघडायचा की हरलो म्हणून पिशवीत ठेवायचा, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी झाकण अर्धं उघडलं आणि वकिलापुढे धरलं. वकिलानं पेढा घेतला आणि म्हणाला, "बैठने तो मिला ना. बहुतों को वह भी नहीं मिलता."

वहिनीनं पेढा घेतला नाही. ती हिशोब करत होती, मला दिसत होतं. सभेत ती बसेल, पुलियाचा ठराव वाचला जाईल, हात वर करा म्हणतील, आजूबाजूचे हात वर जातील आणि तिचा मांडीवर राहील. घरात बसून हरणं वेगळं. तिथं, खुर्चीत बसून, नाला बस्तीत जाताना पाहायचा.

मायला त्याच संध्याकाळच्या लोकलनं परत जायचं होतं. राहा म्हटलं तर म्हणाली, कोंबड्यांना कोण कोंडणार? आम्ही तिला दुर्ग स्टेशनवर घेऊन आलो. वहिनी, मी आणि रिकामं पोतं. पोतं ती घडी करून काखेत घेऊन बसली. गाडीला उशीर होता. किती उशीर ते सांगणारी बाई लाउडस्पीकरवर दर वेळी निराळं सांगत होती. वहिनी प्लॅटफॉर्मवर येरझारा घालू लागली. पाण्याच्या नळापर्यंत जायची, परत यायची, काही बोलायला तोंड उघडायची आणि पुन्हा नळाकडे निघायची. चहावाल्याला वाटलं तिला चहा पाहिजे. तो दोनदा कप घेऊन मागे गेला. माय शांत बसली होती. तिनं मला विचारलं, "हे अशी काहाले करून राहिली?" मी म्हटलं, गर्मी.

शेवटी वहिनी आईसमोर येऊन थांबली. भांडणाचा सूर नव्हता तिचा. तिला खरंच कळत नसावं असा होता.

"माय, घर इथं होतं. बाबा इथं होते. प्लांटचा दवाखाना इथून दोन पावलं. सगळं इथं होतं. तू मले इथं कावून जन्म नाही देला व?"

मायनं काखेतलं पोतं दुसऱ्या काखेत घेतलं.

"माही माय तिथं होती," ती म्हणाली.